मी मोकळाच होतो!

अमेरिकन फुटबॉलचा सामना टीव्हीवर लागला की मैदानाच्या मध्यभागी आधी एक दणदणीत भांडण दिसतं. सव्वाशे-दीडशे किलोचे गडी एकमेकांच्या छातीवर आदळत असतात, कुणी कुणाचा सदरा ओढत असतो. त्या रेटारेटीच्या मागे क्वार्टरबॅक नावाचा गृहस्थ, हातातला बॉल आता कुणाला द्यावा, या विवंचनेत उभा असतो. या झोंबाझोंबीपासून वीस-पंचवीस पावलं लांब, कडेच्या पांढऱ्या रेषेजवळ एक सडसडीत पोरगा एकटाच दिसेल. हातमोजे एका रंगाचे, बूट भलत्याच रंगाचे, कमरेला एक टॉवेल लोंबतोय. मांडवाच्या टोकाला रुसून उभ्या राहिलेल्या जावयाची सगळी लक्षणं त्याच्यात आहेत: बोलावलं नाही तर अपमान, आणि आपण होऊन आत जावं तर मान जातो. हा वाइड रिसीव्हर.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. चाल सुरू झाली की पळायचं, ठरलेल्या जागी वळायचं, बॉल आला तर झेलायचा. पण सामन्यात एका टीमच्या साठ-पासष्ट चाली होतात. त्यातल्या बऱ्याच चालींत बॉल फेकायचाच नसतो, कुणीतरी तो काखेत मारून गर्दीत घुसणार असतो. उरलेल्या चालींत चार-पाच जण एकाच वेळी पळतात आणि बॉल मिळतो एकाला. दिवस फारच चांगला असला तर आपल्या गड्याच्या दिशेनं तो दहा वेळा येतो. एरवी हा जीव तोडून पळतो, समोरच्याला चकवतो, वळून बघतो आणि बॉल दुसऱ्याच्या हातात पाहून चालत परत येतो. त्याचा सगळा स्वभाव या परत चालत येण्यात घडतो. येताना तो दोन्ही हात बाजूला पसरतो, मान जरा वाकडी करतो आणि क्वार्टरबॅकला ऐकू जाईल पण कोचला जाणार नाही अशा बेतानं म्हणतो, ‘‘अरे, मी मोकळाच होतो!’’

रिसीव्हर मोकळा नव्हता असं आजवर कधी झालेलं नाही. दोघांनी घेरला होता? घेरलेला असतानाही मोकळा होता, फक्त बॉल जरा उंच टाकायला हवा होता. घसरून पडला? पडायच्या आधी मोकळा होता. क्वार्टरबॅकच्या अंगावर तीन राक्षस बसले होते? ते बसण्यापूर्वी, अगदी अर्धा सेकंद आधी त्यानं डावीकडे बघितलं असतं तर…

सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेसचंच बघा. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या रविवारी त्याची टीम टेनेसीकडून २७-३ अशी सपाटून हरली. सामन्यानंतर पत्रकारांनी विचारलं, तर चेसनं एका कडक शिवीची फोडणी देऊन सांगितलं, की मी कायम मोकळाच असतो. एका तरुण पोरानं पत्रकारांसमोर असं बोलणं बरं नव्हे, अशी कुजबुज झाली. पुढच्या रविवारी ॲरिझोनात त्यानं पंधरा झेल घेतले, १९२ यार्ड कमावले, बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन तीन टचडाउन केले. वर, आता मला ‘सेव्हन-इलेव्हन’ म्हणा, असंही सुचवलं. अमेरिकेत त्या नावाची किराणा-पेट्रोलची दुकानं रात्रंदिवस उघडी असतात. माणूस उद्धट असला तरी चालतो, पण उद्धट असून बरोबर निघाला की कोचच्या पोटात गोळा येतो.

या गड्याची घडण शाळेपासून सुरू होते. वर्गातला सगळ्यांत वेगवान पोरगा तो हाच. बाकीच्यांना वजनं उचलायला लावतात, रेटारेटी शिकवतात. याला सांगतात, तू फक्त पळ. रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटा शून्य ते नऊ अशा आकड्यांनी ओळखल्या जातात. कुठे तीन पावलांवर आत वळायचं, कुठे बारा यार्डांवर पाय रोवून मागे फिरायचं. नऊ म्हणजे नाकासमोर सरळ, जीव खाऊन. प्रत्येक पोराला नऊच आवडतो. पोटापाण्याचे पैसे एक ते आठमध्ये असतात, हे कळेपर्यंत त्याचं निम्मं कॉलेज संपलेलं असतं. त्यात २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली आहे. त्यामुळे हल्लीचा रिसीव्हर व्यावसायिक लीगमध्ये येतो तेव्हाच त्याच्याकडे एक मॅनेजर, एक न्हावी आणि स्वतःच्या आद्याक्षरांचं बोधचिन्ह असतं.

मग येतं ‘कम्बाइन’. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला इंडियानापोलिसमध्ये तीनशेवर पोरं जमतात आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ३२ टीमचे जाणकार त्यांना मोजतात. उंची, वजन, हाताची लांबी, इतकंच काय, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीतसुद्धा. पण सगळा जीव अडकलेला असतो तो चाळीस यार्डांच्या धावेत. म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. साडेचार सेकंदांच्या आत आलात तर बरे आहात, ४.३ म्हणजे लक्ष्मी दारात. २०१७ मध्ये जॉन रॉस नावाचा पोरगा ४.२२ सेकंदांत धावला. तो तेव्हाचा विक्रम होता. आदिदासनं त्या वर्षी जाहीर केलं होतं, की आमचे बूट घालून विक्रम मोडणाऱ्याला आम्ही एक बेट देऊ. खरंखुरं, समुद्रातलं बेट. रॉसनं बूट घातले होते नायकेचे. बेट बुडालं. तरी नव्या खेळाडूंच्या निवडीत नवव्या क्रमांकावर सिनसिनाटीनं त्याला उचललं, आणि पहिल्या अख्ख्या हंगामात त्यानं किती झेल घेतले? शून्य. सरळ रेषेत इतक्या वेगानं जाणाऱ्या माणसाला बॉलनं गाठायचं तरी कसं, असाही विचार करता येईल. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीनं ४.२१ काढून तो विक्रमही नेला.

डीके मेटकाफची गोष्ट याहून रंगतदार आहे. २०१९ च्या सुरुवातीला त्याचा उघड्या अंगाचा एक फोटो फिरला. दंड, छाती, पोट असं, की शरीररचनेच्या पुस्तकात बिनतक्रार लावावं. कम्बाइनच्या वेळी तो सिॲटल सीहॉक्सच्या मुलाखतीला शर्टाविनाच गेला. तिथले कोच पीट कॅरल तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी क्षणभर पोराकडे पाहिलं आणि स्वतःचाही शर्ट उतरवला. जगात नोकरीच्या मुलाखती अनेक झाल्या असतील, पण उमेदवार आणि साहेब दोघेही उघडेबंब असलेली ही एकच असावी. मेटकाफ चाळीस यार्ड ४.३३ मध्ये धावला आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. मग तीन शंकू मांडून त्यांच्याभोवती वळणं घ्यायची चाचणी झाली, त्यात त्याला ७.३८ सेकंद लागले. टॉम ब्रेडी हा क्वार्टरबॅक हळू पळण्याबद्दल प्रसिद्ध. त्यानं २००० साली हेच ७.२० मध्ये केलं होतं. झालं! ज्या दंडांवर लोक आठवडाभर भाळले होते, त्यांच्याकडे आता ‘वळत नाही हो’ म्हणून बघायला लागले. निवडीची पहिली फेरी संपली, दुसरीही संपत आली, तेव्हा चौसष्टाव्या क्रमांकावर सिॲटलनं फोन केला. तो एवढा देह फोनवर लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, इतका वेळ का लावलात?

ही निवडीची रात्र, म्हणजे ड्राफ्ट, रिसीव्हरच्या आयुष्यातली पहिली खरी परीक्षा असते, कारण तीही वाट बघण्याचीच असते. कोटाच्या आतल्या अस्तरावर आजीचे, आईचे, शाळेचे फोटो छापून घेतलेले. टेबलाभोवती आई, मावशी, भाऊ, एजंट. टेबलावर फोन. तो फोन वाजला की करोडो डॉलर, आणि जितका उशिरा वाजेल तितकी रक्कम खाली, कारण २०११ पासून नवख्यांचा पगार निवडीच्या क्रमांकावर जवळजवळ बांधलेला आहे. कॅमेरा नेमका त्याच्या तोंडासमोर. आपल्या आधी दुसऱ्या रिसीव्हरचं नाव पुकारलं गेलं, की याला हसून टाळ्या वाजवाव्या लागतात. या अभिनयाचे गुण कम्बाइनमध्ये धरत नाहीत, हा अन्यायच आहे.

सात फेऱ्यांच्या शेवटी निवडल्या जाणाऱ्यालाही तिथे मान आहे. त्याला ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्यामुळे कुणाचं काही अडणार नाही असा. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला बोलावून त्याचं आठवडाभर कौतुक करतात आणि हातातून बॉल निसटत असलेल्या खेळाडूचा पुतळा बक्षीस देतात. १९७६ मध्ये ही प्रथा सुरू करणारे पॉल सलाटा स्वतः झेल घेणारे खेळाडू होते, आणि पहिला मानकरी केल्विन कर्क, ४८७ वा, तोही रिसीव्हर. या जमातीला स्वतःची थट्टा करता येते याचा एवढा एक पुरावा मला सापडला.

जुलैअखेर सरावशिबिर. कॉलेजात ज्याच्या नावानं स्टेडियम दणाणायचं, त्याला इथे सांगतात, त्या सीनियरचं खांद्याचं चिलखत उचलून खोलीत नेऊन ठेव. २०१० मध्ये डॅलसच्या डेझ ब्रायंटनं बाणेदारपणे नाही म्हटलं. मी फुटबॉल खेळायला आलोय, हमाली करायला नाही. सीनियर मंडळी काही बोलली नाहीत. सप्टेंबरमध्ये त्याला सगळ्यांनी जेवायला नेलं आणि बिल त्याच्यापुढे सरकवलं: ५४,८९६ डॉलर. हमाली स्वस्त पडली असती.

बिल भरता येणारा तरी सुखी. शिबिरात नव्वद जण असतात आणि ऑगस्टच्या शेवटी त्रेपन्न उरतात. दाराशी येऊन ‘कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये’ म्हणणाऱ्या माणसाला तिथे ‘टर्क’ म्हणतात. त्याचा चेहरा पोरं सप्टेंबरनंतर विसरतात, पण चपलांचा आवाज विसरत नाहीत. सहाव्या-सातव्या क्रमांकाचा रिसीव्हर त्या दिवसांत कोचला अचानक फार आवडीनं सांगायला लागतो, की मला अंगावर जाऊन अडवाअडवी करायला मजा येते, किक परतवायला तर लहानपणापासून आवडतं. मोकळा असल्याचं तो चुकूनही बोलत नाही. टर्कच्या फेरीनंतर मोकळे होणारच असतात, त्यात आपण कशाला?

आता झेल सुटण्याविषयी. वेगवान पोरगा, पंचवीस यार्डांवरून गोळीसारखा आलेला बॉल, मागून कुणाचे तरी पाय ऐकू येतायत. सुटतो कधी कधी. तो सुटल्यावर काय करायचं, याचा मात्र ठरलेला विधी आहे. प्रथम हातमोज्यांकडे बघायचं. दोन्ही तळवे उलटसुलट करून, जणू दुकानदारानं फसवलंय. मग पंचाकडे बघून, धक्का दिला ना हो त्यानं, असा अभिनय. हेही चाललं नाही तर मांडीची मागची शीर धरून लंगडत बाहेर. २०२१ मध्ये चेस नवखा होता, त्याआधीचं वर्ष कोविडमुळे खेळला नव्हता, आणि सरावाच्या सामन्यांत त्याच्या हातून बॉल सुटायला लागले. त्यानं जे कारण दिलं त्याला तोड नाही. कॉलेजच्या बॉलवर दोन्ही टोकांना पांढरे पट्टे असतात, व्यावसायिकांच्या बॉलवर नसतात, त्यामुळे येताना नीट दिसत नाही. अख्खा देश हसला. त्या हंगामात त्यानं त्याच बिनपट्ट्यांच्या बॉलवर १,४५५ यार्ड मारून वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू हा मान घेतला. तेव्हापासून लोक रिसीव्हरांच्या सबबी जरा जपून हसतात.

पूर्वी हातमोज्यांऐवजी ‘स्टिकम’ नावाचा चिकट लेप लावायचे. ओकलंडचा फ्रेड बिलेट्निकॉफ तर पायमोज्यांवर त्याचा थर ठेवायचा, लागेल तसा बोटांनी काढायचा. १९८१ मध्ये त्यावर बंदी आली. जेरी राइस लीगमध्ये आला १९८५ ला. राइस म्हणजे या जमातीतला संत. मिसिसिपीतल्या खेड्यातल्या गवंड्याचा मुलगा, उन्हाळ्यात वडिलांच्या हाताखाली विटा झेलून झेलून हात घडवलेला. वीस हंगाम, २२,८९५ यार्ड, २०८ टचडाउन. हा डोंगर अजून कुणी चढलेलं नाही. त्याच्याकडे बोट दाखवून कोच पोरांना सांगायचे, बघा, मेहनत! २०१५ मध्ये त्याची एक चित्रफीत बाहेर आली. तीत राइसबुवा हसत हसत सांगतात, की हातमोज्यांवर जरासं स्टिकम मारायचो, नियमात बसत नसेल कदाचित. विटा खऱ्या होत्या, पण तेवढ्यानं भागत नव्हतं म्हणायचं.

आणि एकदाचा टचडाउन होतो. गेल्या पन्नास चालींत गिळलेलं सगळं आता बाहेर येतं. इतर खेळाडूंना टचडाउन हे काम वाटतं, रिसीव्हरला तो मुहूर्त वाटतो. याचं मूळ मजेशीर आहे. १९६५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा होमर जोन्स बॉल प्रेक्षकांत भिरकावणार होता. तेवढ्यात त्याला आठवलं, की त्याला दंड पडतो. त्यानं हात आवरला आणि बॉल जमिनीवर दाणकन आपटला. त्या काटकसरीतून पुढे काय काय निघालं! २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टेरेल ओवेन्सनं सिॲटलविरुद्ध टचडाउन केला, पायमोज्यातून मार्कर पेन काढलं, बॉलवर सही केली आणि तो वर बसलेल्या आपल्या आर्थिक सल्लागाराला दिला. ज्या कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरवर पाळत ठेवणाऱ्या बचावपटूला, चकवून हा टचडाउन झाला त्या शॉन स्प्रिंग्जचाही सल्लागार तोच होता, आणि सल्लागार बसला होता तोही स्प्रिंग्जच्याच खासगी कक्षात. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या जो हॉर्ननं गोलच्या खांबाच्या गादीखाली लपवलेला मोबाइल काढून मैदानातूनच फोन लावला. दंड तीस हजार डॉलर. इतका महाग लोकल कॉल तोपर्यंत कुणी केला नव्हता.

पण या कलेतला खरा घराणेदार गायक म्हणजे सिनसिनाटीचा चॅड जॉन्सन. कोपऱ्यातला नारिंगी खांब उपटून त्यानं बॉलवर गोल्फ खेळून दाखवला, एकदा चिअरलीडरसमोर गुडघा टेकून लग्नाची मागणी घातली. २००७ मध्ये धर्मादाय कामासाठी तो घोड्याबरोबर शर्यत धावला आणि भरपूर सवलत घेऊन जिंकला. पाठीवरचा नंबर ८५, म्हणून स्पॅनिशमध्ये आठ-पाच, ‘ओचो सिंको’. एका सामन्याआधी त्यानं हे नाव शर्टाच्या पाठीवर चिकटवलं, तर त्याच्याच क्वार्टरबॅकनं ते फाडून काढलं. २००८ मध्ये त्यानं कोर्टात जाऊन आडनावच बदलून घेतलं. आता फाड म्हणावं! चार वर्षांनी परत जॉन्सन झाला. आणि ओडेल बेकम ज्युनियर? २०१६ मध्ये चिडून त्यानं किकच्या सरावाच्या जाळीवर हेल्मेट आपटलं, तर ती जाळी उलटून त्याच्याच तोंडावर आली. काही आठवड्यांनी त्यानं टचडाउन केला आणि त्याच जाळीपुढे गुडघा टेकून तिला मागणी घातली. जाळीनं नाही म्हटलं नाही. लीगनं १९८४ पासून अशा आनंदावर नियमांमागून नियम केले, २००६ मध्ये साहित्य वापरायलाही मनाई केली, आणि २०१७ मध्ये कंटाळून बरेच नियम सैल केले. तेव्हापासून पाच-सहा जण मिळून नाचतात. मला स्वतःला बंदीच्या काळातला नाच जास्त आवडायचा. दंड भरून केलेल्या गोष्टीला एक नेट असतो.

आमचे एक मेव्हणे न्यू जर्सीत एडिसनला असतात, सॉफ्टवेअरमध्ये. आयुष्यात अमेरिकन फुटबॉल हातात धरलेला नाही. पण ऑफिसातल्या मंडळींबरोबर कागदोपत्री टीम बनवून पैज लावायचा जो खेळ आहे, त्यात रिसीव्हर त्यांच्या वाट्याला आला की दर रविवारी चहा गार होईपर्यंत टीव्हीपुढे उभे. ‘‘अरे टाक ना त्याच्याकडे! मोकळाय तो!’’ ताई म्हणतात, घरात सासरे होते तेव्हा ते क्रिकेटला असे ओरडायचे, पण त्यांना निदान खेळ कळायचा.

हसता हसता एक विसरू नये. रिसीव्हरला बॉल झेलताना हात वर करावे लागतात आणि बरगड्या उघड्या पडतात. मैदानाच्या मधोमध पळत असला तर शंभर किलोचा एखादा बचावपटू त्याच क्षणाची वाट बघत असतो. ऐन वेळी हात आखडणाऱ्याला मगरीच्या हातांचा म्हणून हिणवतात. हिणवणारे बहुतेक बाकावर बसलेले असतात. ऑगस्ट १९७८ मध्ये ओकलंडला, निकालाला काही किंमत नसलेल्या सरावसामन्यात, न्यू इंग्लंडचा सव्वीस वर्षांचा रिसीव्हर डॅरिल स्टिंग्ली असाच एका बॉलसाठी झेपावला. जॅक टेटमची धडक बसली. मान मोडली. २००७ मध्ये गेला तोपर्यंत तो चाकाच्या खुर्चीत होता. त्या वेळच्या नियमांनुसार त्या धडकेला शिट्टीसुद्धा वाजली नाही.

झेल म्हणजे काय, हाही तिथे एकेकाळी राष्ट्रीय प्रश्न होता. जानेवारी २०१५ मध्ये डेझ ब्रायंटनं ग्रीन बेमध्ये कॉर्नरबॅकच्या डोक्यावरून बॉल काढला, तीन पावलं टाकली, रेषेकडे झेपावला, पडताना बॉल जमिनीवर जरा हलला. पंचांनी फीत पुन्हा बघून सांगितलं, हा झेल नव्हे. डॅलस हरलं. तीन वर्षांनी लीगनं नियम बदलला आणि नव्या नियमानं तो झेल ठरला असता असंही कबूल केलं. त्यानंतर महिन्याच्या आत ब्रायंटची डॅलसमधली नोकरी गेली.

आता क्वार्टरबॅकशी असलेल्या संसाराकडे येऊ, कारण शेवटी दुखणं तिथलंच आहे. रिसीव्हरचं नाव, पगार, सगळं दुसऱ्या एका माणसाच्या नजरेवर अवलंबून. तो पहिल्यांदा कुणाकडे बघणार, दुसऱ्यांदा कुणाकडे, हे चालीतच ठरलेलं असतं. तिसऱ्या क्रमांकावर असणं म्हणजे असून नसल्यासारखं. १९९६ मध्ये कीशॉन जॉन्सन देशात पहिल्या क्रमांकानं निवडला गेला. त्याची टीम, न्यूयॉर्क जेट्स, त्या हंगामात एक सामना जिंकली, पंधरा हरली. पुढच्याच वर्षी या पंचविशीच्या पोराचं आत्मकथन बाजारात आलं. नाव, ‘जस्ट गिव्ह मी द डॅम बॉल!’ शीर्षकातच ग्रंथ संपतो, पण आत त्यानं क्वार्टरबॅकलाही सोडलं नव्हतं. टेरेल ओवेन्सचं सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्वार्टरबॅकशी पटलं नाही, फिलाडेल्फियातल्याशी तर मुळीच नाही. ऑगस्ट २००५ मध्ये टीमनं शिबिरातून घरी पाठवला, तर न्यू जर्सीतल्या आपल्या घरासमोर, बातमीदारांच्या घोळक्यात हा उघड्या अंगानं पोटाचे व्यायाम करत बसला. तोच माणूस जानेवारी २००८ मध्ये आपल्या नव्या टीमच्या, डॅलसच्या, पराभवानंतर काळा चष्मा लावून क्वार्टरबॅकच्या बाजूनं ढसाढसा रडला. दोष त्याला देऊ नका, तो माझा क्वार्टरबॅक आहे. त्या वर्षी ओवेन्सला बॉल भरपूर मिळाला होता.

सोमवारी चित्रफिती बघायची बैठक असते. वरून घेतलेली एक फीत असते, तीत मैदानावरचे बावीसही जण दिसतात. रिसीव्हरचं हे आवडतं न्यायालय. तो नेमक्या क्षणी चित्र थांबवायला लावतो आणि बोट ठेवतो: हा बघा मी, आणि हा बघा दोन यार्ड लांब माझा माणूस. क्वार्टरबॅक खिडकीबाहेर बघतो. बेकम क्लीव्हलंडला असताना हा खटला घराबाहेर गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या वडिलांनी इन्स्टाग्रामवर एक चित्रफीत टाकली. तीत एकामागून एक चाली होत्या, आणि प्रत्येकीत आमचा मुलगा कसा मोकळा आहे आणि क्वार्टरबॅक त्याच्याकडे कसा बघत नाही, हे दाखवलं होतं. बापाचं मन समजतं. पण ऑफिसात मुलाला बढती नाही म्हणून बापानं साहेबांच्या चुकांची फीत गावभर दाखवली, तर काय होईल? आठवड्याच्या आत टीमनं मुलाला मोकळं केलं. आणि यातली गंमत अशी, की तो लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे गेला आणि तीन महिन्यांत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पहिला टचडाउन त्याचाच झाला. त्याच सामन्यात गुडघाही गेला, पण विजेतेपदाची अंगठी मिळाली. वडिलांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, असं मग बरेच जण म्हणाले.

पैशांचंही सांगायला हवं. पहिली चार वर्षं बांधलेला पगार. तिसरं वर्ष संपलं की हंगामाआधी रुसायला सुरुवात. हल्ली घरी बसल्यास रोजचा दंड लागतो, म्हणून मंडळी शिबिराला येतात आणि कडेला हाताची घडी घालून उभी राहतात. त्याही आधीची पायरी म्हणजे इन्स्टाग्रामवरून टीमचे फोटो काढून टाकणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डीबो सॅम्युएलनं २०२२ च्या वसंतात हेच केलं. जुलैअखेर तीन वर्षांचे सात कोटी डॉलरवर पदरात पडले. फोटो पुसण्याचा इतका दर कुठल्याच स्टुडिओत नसेल. जस्टिन जेफरसन आणि चेस लुइझियानात एकाच कॉलेजच्या टीममध्ये होते. जेफरसनला जून २०२४ मध्ये चार वर्षांचे चौदा कोटी डॉलर मिळाले. चेसला मार्च २०२५ मध्ये सोळा कोटी दहा लाख. त्याच क्षणी जेफरसन कमी पगाराचा झाला, आणि देशभरातल्या तरुण रिसीव्हरांचे एजंट हिशोबाला बसले. दुसऱ्या टोकाला शिबिरातून कसाबसा उरलेला पोरगा किमान पगारावर, हंगामात आठवड्याच्या हप्त्यानं, दर हप्ता शेवटचा असू शकेल या बेतानं जगत असतो. तोही त्याच रेषेशी तसाच उभा राहतो, हातमोजे आणि बूट मात्र एकाच रंगाचे.

अपवाद असतात. ॲरिझोनाचा लॅरी फिट्झजेराल्ड टचडाउन झाला की बॉल शांतपणे पंचाच्या हातात देऊन चालायला लागायचा. अशा माणसावर कुणी व्यक्तिचित्र लिहीत नाही.

ओवेन्सचं पुढे काय झालं ते सांगतो. २०१८ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. आधीच्या दोन वर्षांत का नाही केली, या रागापायी तो ओहायोतल्या कँटनच्या समारंभाला गेलाच नाही. टेनेसीत, चॅटनूगाला, आपल्या जुन्या कॉलेजात त्यानं स्वतःचा वेगळा समारंभ भरवला आणि तिथे भाषण केलं. चार वर्षांनी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो ‘फॅन कंट्रोल्ड फुटबॉल’ नावाच्या एका छोट्या लीगमध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि त्यानं टचडाउनही केला. त्या लीगची गंमत अशी होती, की पुढची चाल कुठली, हे कोच सांगत नसे. घरी बसलेले प्रेक्षक मोबाइलवर मत देऊन ठरवायचे. इतक्या वर्षांनी ओवेन्सला बॉल मिळावा की नाही, हे एकदाचं जाहीर मतदानाला पडलं होतं.